डाग दिसला की आधी तारीख लिहा

नमस्कार मैत्रिणींनो. दुपारची भांडी आवरली असतील, कोणी जरा आडवं झालं असेल, कोणी मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळता ऐकत असेल, तर आज रेडिओचा आवाज वाटल्यास थोडा कमी करा, घरात सासरे-दीर बसले असतील तर. विषयच तसा आहे. पाळी जाऊन वर्ष-दोन वर्षं झालीत, त्रास होतो म्हणून डॉक्टरांनी हार्मोन चालू केलेत, ज्याला एचआरटी म्हणतात, आणि मग एक दिवस अचानक परत डाग. त्याबद्दल बोलायचंय. मी डॉक्टर नाही ओ, शाळेच्या ऑफिसात काम करते, वय ५२, पण या सगळ्यातून स्वतः गेलीये आणि मधे स्वतःचं शहाणपण लावून मातीपण खाल्लीये, म्हणून तर मला इथं बसवलंय.

माझी पाळी ४८ व्या वर्षी थांबली. आपल्याकडं साधारण ४६-४७ ला थांबते, तर मी जरा उशिराच. सलग १२ महिने पाळी आली नाही की मग मेनोपॉज झाला असं धरतात, तोपर्यंत नाही. आणि मग त्या वाफा. आता सोलापूरचा मे महिना, बाहेर ४३-४४ डिग्री, आणि आतून वेगळीच भट्टी पेटलेली, घरात सांगितलं तर म्हणायचे अगं सगळ्यांनाच गरम होतंय. दोन वर्षं रात्री उठून पदर ओला करून मानेवर ठेवायचे. शेवटी डॉक्टर मॅडमकडं गेले, त्यांनी तपासण्या केल्या, ब्रेस्टची सोनोग्राफी-मॅमोग्राफी सगळं बघितलं आणि दोन गोष्टी दिल्या, सकाळी हाताला चोळायचं इस्ट्रोजेनचं जेल आणि रात्री झोपताना प्रोजेस्टेरॉनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल.

हे दोन का, एकच का नाही, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं आणि माती खाल्ली ती तिथंच. माझे वडील यंत्रमागावर होते, म्हणून मी हे मागाच्याच भाषेत समजून घेतलं. इस्ट्रोजेन म्हणजे चालू माग. तो गर्भपिशवीच्या आतलं अस्तर विणत राहतो. प्रोजेस्टेरॉन म्हणजे त्या मागावर नजर ठेवणारा माणूस, तो वेळेवर कापड कापून काढतो नाहीतर मागाचा वेगच कमी ठेवतो. माणूसच कामाला आला नाही तर? माग काय थांबत नाही, गुंडाळी जाड जाड होत जाते, आणि मग कुठूनतरी धागे सुटायला लागतात, तेच आपल्याला डाग म्हणून दिसतं. अमेरिकेत पूर्वी बायकांना नुसतं इस्ट्रोजेन द्यायचे, १९७५ साली अभ्यास छापून आले की पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर अशा बायकांत जास्त दिसतोय, तेव्हापासून जिची पिशवी जागेवर आहे तिला जोडीला प्रोजेस्टेरॉन द्यायचंच असं ठरलं. जिची पिशवी काढलीये तिला बहुतेक वेळा नुसतं इस्ट्रोजेन चालतं. म्हणून शेजारणीच्या गोळ्या बघून आपल्या गोळ्या ठरवू नका.

आता यात दोन पद्धती आहेत आणि बायका इथंच गोंधळतात. पाळी अजून पूर्ण गेलेली नाही, मागेपुढे होतीये, अशांना इस्ट्रोजेन रोज आणि प्रोजेस्टेरॉन महिन्यातले १०-१४ दिवसच देतात. त्यांना कोर्स संपत आला की किंवा संपल्यावर पाळीसारखं जाणारच, ते मुद्दामच आहे, कापड कापून काढलं म्हणून. माझ्या जावेचं असं आहे, तिनं पहिल्या महिन्यात रडून गोंधळ घातला होता की औषधानं उलटंच झालं. तिला जर भलत्याच तारखेला, मधेच गेलं, किंवा फार गेलं, तर ते वेगळं, ते डॉक्टरला सांगायचं. आणि पाळी जाऊन वर्ष झालंय त्यांना दोन्ही रोज, बिनखंड. यात जायला नको असं अपेक्षित असतं, पण पहिले तीन ते सहा महिने थोडेफार डाग बऱ्याच जणींना लागतात, अस्तराला सवय व्हायला वेळ लागतो. मलाही पहिले चार महिने अधूनमधून लागायचे, मॅडम म्हणाल्या होत्या घाबरू नको, तारखा लिही. मी काय लिहिल्या नाहीत. मग थांबलंच, आठ-नऊ महिने एकदम स्वच्छ.

आणि मग आला मे. वाफा परत वाढल्या. मी मनानं जेल वाढवलं, एका पंपाचे दोन केले, मला वाटलं हाताला चोळायचंय त्यात काय, तेलासारखं. आणि त्याच दिवसांत उन्हाळ्याचं म्हणून आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो, कॅप्सूल खाली कपाटात, आणि ती घेतली की मला चांगली गुंगी येते, मग पाहुणे-रावळे असले, भाचीचं लग्न होतं त्याची जागरणं, तर ती राहूनच जायची. म्हणजे बघा की, मागाचा वेग वाढवला आणि माणसाला सुट्टी दिली.

आषाढीच्या आधी दहा दिवस डाग दिसला. आम्ही पंढरपूरला जाणार होतो, नणंद पुण्याहून येणार, सगळं ठरलेलं. आता खरं सांगते, माझ्या डोक्यात कॅन्सर-बिन्सर काही आलं नाही, पहिलं हेच आलं की आता दर्शनाचं काय, बाहेरची बसले तर. गेले मेडिकलमधे, म्हटलं पाळी पुढं ढकलायची गोळी द्या. त्यांनी दिली. कोणी काही विचारलं नाही, मीपण सांगितलं नाही. आठ दिवस दिवसाला तीन गोळ्या घेतल्या, डाग थांबले, एकादशी झाली, कळसाचं दर्शन घेतलं, खूष होऊन परत आले. गोळ्या बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी असं काही सुटलं की शाळेच्या ऑफिसातून खुर्चीवरून उठता येईना. शिपाई मावशीनं स्वतःची ओढणी कमरेला बांधून रिक्षात बसवलं.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, पहिला डाग कुठल्या तारखेला? माहीत नाही. जेल कधी वाढवलं? मेमधे. मेमधे म्हणजे कधी? किती कॅप्सूल चुकल्या? काय सांगणार. दूधवाल्याचे खाडे मी पाच वर्षं मागचे दाखवू शकते, नळाला पाणी कुठल्या दिवशी आलं, सिलेंडर कधी लावला, सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर आहे, आणि स्वतःच्या अंगातून रक्त गेलं त्याची नोंद नाही. मॅडम रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, काकू, ती पुढं ढकलायची गोळी म्हणजे पण प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं औषध आहे, तिनं दरवाजा नुसता लोटून धरला, काढल्यावर उघडणारच होता, आणि मधे कारण काय ते झाकलं गेलं.

मग तपासण्या. खालून करायची सोनोग्राफी, नाव ऐकून घाबरतात बायका, पण पोटावरच्या सोनोग्राफीपेक्षा अस्तर यात कितीतरी नीट दिसतं आणि ते मिलिमीटरमधे मोजतात. दोन्ही हार्मोन रोज असतील तर ४ पर्यंत ठीक, महिन्याच्या कोर्सवाल्यांना ७ पर्यंत. माझं ६ निघालं. मग एका पातळ नळीनं अस्तराचा तुकडा घेतला, भूल नाही काही नाही, चार-पाच मिनिटं, पाळीच्या पहिल्या दिवशी दुखतं तसं दुखलं, जरा जास्तच म्हणा, खोटं कशाला बोलू. आठवडाभर रिपोर्टची वाट बघितली, तो आठवडा मात्र लई वाईट. रिपोर्ट चांगला आला. जेल परत एका पंपावर, कॅप्सूल रोज, आता डबी गच्चीच्या जिन्यात पाण्याच्या तांब्याशेजारीच ठेवते. तीन महिन्यांत डाग सगळे बंद.

पण माझ्या रक्ताचं कारण हे होतं म्हणून तुमचं तेच असेल असं नाही. आत छोटा कोंब वाढलेला असतो, त्याला पॉलिप म्हणतात, फायब्रॉईडची गाठ असते, कधी योनीमार्ग इतका कोरडा पडलेला असतो की नवराबायकोच्या संबंधानंतर डाग लागतात, त्याला साधं आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम पुरतं. पिशवीचं तोंड पण बघावं लागतं. आणि आपल्याकडं एक गोष्ट कोणी सांगत नाही, टीबीच्या कोर्समधली रिफाम्पिसिन, तीच ती, लघवी केशरी करणारी, आणि फिट्सच्या काही गोळ्या, फेनिटॉईन, कार्बामाझेपीन, या लिव्हरकडून हार्मोन भराभर संपवून टाकतात, मग दिलेला डोस पुरत नाही. म्हणून तुमचा दुसरा काही औषधोपचार चालू असेल तर ती औषधांची पिशवी सगळीच्या सगळी डॉक्टरपुढं ओता. रक्त पातळ करायची गोळी असेल तर तीपण. आणि उलट, टीबीची किंवा फिट्सची गोळी मात्र यापायी थांबवायची नाही.

केव्हा थांबायचं नाही तेवढं सांगते. सहा महिन्यांनंतरही डाग चालूच आहेत, किंवा सगळं बंद होऊन परत सुरू झालं, किंवा दिवसेंदिवस वाढतंय, तर जायचं. वजन जास्त आहे, शुगर आहे, आई-बहिणीला पिशवीचा किंवा आतड्याचा कॅन्सर झालाय, ब्रेस्टच्या कॅन्सरसाठी पूर्वी टॅमॉक्सिफेन नावाची गोळी घेतलीये, तर सहा महिन्यांचीही वाट बघायची नाही. तासाला पॅड भिजतोय, चक्कर येतीये, तर त्याच दिवशी, सिव्हिल असो की कुठलंही. आणि ज्या कुठलेच हार्मोन घेत नाहीत आणि पाळी जाऊन वर्ष उलटलंय, त्यांना एक ठिपका दिसला तरी जायचं. आमच्या गल्लीतल्या एक अक्का म्हणायच्या, परत पाळी आली बघ, परत तरुण झाले, आणि हसायच्या. ती पाळी नसते अक्का. अशा शंभर बायकांतल्या नव्वदएक जणींना कॅन्सर निघत नाही, पण उरलेल्या कोण ते हसून कळत नाही.

एक करू नका, चिडून नुसती कॅप्सूल बंद आणि जेल चालू असं. ते सगळ्यात वाईट, का ते मागाचं सांगितलंच. रक्त थांबायची गोळी पण मनानं नको, इस्ट्रोजेनच्या गोळीबरोबर गुठळीचा धोका असतो. आणि कोणी पहिल्याच भेटीत पिशवी काढून टाका म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण केवढं गाजलं होतं, आपल्या जिल्ह्यातही उसाचं काही कमी नाही. त्याआधी करण्यासारखं पुष्कळ असतं. इस्ट्रोजेन कमी करता येतं, प्रोजेस्टेरॉनचा प्रकार किंवा डोस बदलता येतो, काही दिवस महिन्याच्या कोर्सवर परत आणतात, आणि हार्मोनवाली तांबी बसवतात, नाव तांबी पण त्यात तांबं नसतं, ती पिशवीच्या आतच पाच वर्षं थोडं थोडं औषध सोडत राहते, गोळी विसरायची भानगडच नाही. सुरुवातीला तिनंही काही महिने डाग लागतात हं, म्हणून लगेच काढून या असं नको.

माझं आता असं आहे, कॅलेंडरवर दुधाचा खाडा निळ्या पेननं, पाणी आलं की पा, आणि डाग लागला तर लाल ठिपका, जास्त गेलं तर दोन ठिपके, कॅप्सूल चुकली तर फुली. मिस्टरांनी विचारलं हे काय नवीन, म्हटलं माझा खाडा.

समोरून हात दाखवतायत, वेळ झाली. एक राहिलंच, डॉक्टरकडं जाताना त्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून न्या. मी पुढच्या वेळी अख्खं कॅलेंडर खिळ्यावरून काढून पिशवीत घालून नेलं होतं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या बायकांना वाटलं मी मुहूर्त बघायला आलीये. नमस्कार.