गेटपासवरची तारीख

(दृश्य: कोराडी, सकाळची पाळी. गेटबाहेर सायकली, हँडलला अडकवलेले डबे.)

नागपूरजवळच्या कोराडीच्या जगदंबेला जाणाऱ्या प्रत्येकाने कोळशावरच्या वीज केंद्राच्या या चिमण्या पाहिल्या आहेत. वीज तयार करणारे 120 मेगावॉटचे जुने चार संच केव्हाच थांबले. आज 660 मेगावॉटचे तीन संच इथला मुख्य भार उचलतात. कधीतरी तेही थांबतील, थांबायलाच हवेत. राखेचा त्रास या गावांनी खूप सोसलाय. पण संच बंद झाला की कायम कामगाराची बदली होऊ शकते. ठेकेदाराच्या माणसाचा फक्त गेटपास संपतो.

(दृश्य: कोळसा हाताळणी विभाग. चुटवर पहारीचे घाव.)

पावसाळ्यात ओला कोळसा चुटमध्ये, म्हणजे तो खाली सोडणाऱ्या उतरत्या नळात, चिकटतो, बेल्ट अडतो, बॉयलरसाठी कोळसा साठवणारा बंकर रिकामा होऊ लागतो. तो कोळसा पहारीने मोकळा करायला ठेक्यावरची माणसं उतरतात. कोळशाच्या जागी येणाऱ्या सौर प्रकल्पात हे कामच नाही. पॅनल धुणं, गवत काढणं, इन्व्हर्टरवर लक्ष ठेवणं, एवढ्याला माणसं थोडीच लागतात.

मग वीस वर्षं राबलेल्याच्या हाती काय राहतं? पीएफ आणि पेन्शन. तीही कागद नीट असतील तरच.

(दृश्य: मोबाइलवर पीएफचं पासबुक.)

पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. ठेकेदार बदलला तरी यूएएन, म्हणजे कामगाराचा पीएफचा कायमचा क्रमांक, एकच राहायला हवा. प्रत्यक्षात नवा ठेकेदार नवाच यूएएन काढतो, आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव जुळत नाही, जुना ठेकेदार काम सोडल्याची तारीख भरत नाही. ही तारीख पीएफच्या शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी कामगार स्वतः ऑनलाइन भरू शकतो. हे त्याला कुणी सांगत नाही.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र पेन्शनचा हिस्सा काढण्याच्या फॉर्म 10सी मुळे होतं. ठेका संपला, घरात लग्न आहे, म्हणून कामगार पेन्शनचा हिस्साही काढून घेतो. तेवढ्या वर्षांची सेवा पुसली जाते, मोजणी पुन्हा शून्यापासून. त्याच फॉर्मवर पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र मागता येतं. मग जुनी वर्षं पुढच्या नोकरीत धरली जातात.

ठेकेदाराने पीएफ भरला नाही, तर ती जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ठेका देणाऱ्या वीज केंद्रावर येते. म्हणून संच बंद करण्याच्या आदेशाआधी वीज केंद्रानेच ठेक्यावरच्या प्रत्येकाचा यूएएन, सेवेची वर्षं आणि थकबाकी यांची यादी गेटवर लावली पाहिजे. गेटपास चालू असेपर्यंत चूक दाखवायला माणूस आत येऊ शकतो. एकदा पास संपला, की त्याला गेटवरच अडवतात.