आखूड नळी आणि सप्रेसर: पोलिसी रायफलसाठी निवड कशी करावी

(दृश्य: अंधारात रायफलच्या नळीचं तोंड, संथ गतीत. ज्वाळेचा गोळा फुलतो आणि विरतो.)

5.56 मिलिमीटरच्या काडतुसाची रचना मुळात 20 इंची नळीसाठी झाली. पोलिसांच्या धडक पथकांकडे मात्र साडेदहा किंवा साडेअकरा इंची नळीच्या रायफली असतात, कारण गाडीतून उतरताना, जिन्यावर वळताना, दारातून आत शिरताना लांब नळी अडते. या आखूडपणाची किंमत नळीच्या तोंडाशी चुकवावी लागते. गोळी बाहेर पडते तेव्हा तिच्यामागची दारू अजून जळतच असते आणि वायूचा दाबही लांब नळीच्या मानाने खूप चढा असतो. तो मोठ्या ज्वाळेच्या आणि साधारण 165 डेसिबलच्या स्फोटाच्या रूपात मोकळा होतो.

अशा क्षणिक आवाजासाठी कानाची मर्यादा सहसा 140 डेसिबल धरली जाते. बंद खोलीत भिंती आणि छत तो आवाज परत फेकतात. गोळी झाडणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या साथीदाराचा कान तर नळीच्या तोंडापासून फार लांब नसतो. पुढची काही मिनिटं त्याला वायरलेसवरचा आदेश ऐकू येत नाही, खोलीतल्या माणसाने दिलेलं उत्तर ऐकू येत नाही. आणि चकमकीत कानाला बसलेला असा मार भरून निघेलच असं नाही. सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडावर बसणारं आवाज उतरवणारं नळकांडं, लागतो तो या कामासाठी.

(दृश्य: उभा छेद दिलेला सप्रेसर. आतल्या बॅफलांवरून, म्हणजे वायू अडवणाऱ्या भोकाच्या पडद्यांवरून, कॅमेरा सरकतो.)

चांगला सप्रेसर नळीच्या तोंडाशी होणारा आवाज 25 ते 30 डेसिबलने उतरवतो. डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराने चढते, त्यामुळे 30 डेसिबलची घट म्हणजे आवाजाची तीव्रता हजारपटीने कमी. तरीही रायफल मुकी होत नाही. आखूड नळीतूनसुद्धा गोळी सेकंदाला साधारण 800 मीटर वेगाने निघते, ध्वनीचा वेग 340 च्या आसपास असतो. गोळी हवा फाडत जाताना जो कडाका होतो, तो सप्रेसरच्या हातात नाही. ध्वनीपेक्षा कमी वेगाची काडतुसं असतात, पण 5.56 मध्ये त्यांचा मारा फार दुबळा पडतो आणि अशी रायफल त्यावर नीट चालतही नाही. पोलिसी कामासाठी तो पर्याय बाजूला ठेवावा.

आता निवडीत सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो तिथे येऊ. माहितीपत्रकावर ठळक छापलेला डेसिबलचा आकडा बहुतेक वेळा नळीच्या तोंडाशी मोजलेला असतो. प्रचलित लष्करी पद्धतीत मायक्रोफोन जमिनीपासून 1.6 मीटर उंचीवर, सप्रेसरच्या टोकापासून काटकोनात 1 मीटर डावीकडे ठेवतात. तिथे गोळी झाडणाऱ्याचा कान नसतो. तो असतो रायफलच्या मागच्या अंगाला, पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीजवळ. सप्रेसर जितका घट्ट कोंडणारा, तितका वायू नळीतून मागे फिरतो आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) उघडताच त्या खिडकीतून बाहेर फुटतो. म्हणून पुढे सगळ्यात शांत ठरलेला नमुना कानापाशी त्याच्यापेक्षा गोंगाटी नमुन्याहून वाईट ठरू शकतो. आखूड नळीवर हा फरक आणखी ठळक होतो.

पुरवठादाराकडे म्हणूनच तीन आकडे मागावेत: नळीच्या तोंडाशी, उजव्या कानाशी, डाव्या कानाशी. डावखुऱ्या जवानाचा चेहरा पुंगळीच्या खिडकीच्या बाजूला येतो, त्याची मोजणी वेगळी हवी. हे आकडे आपल्याच रायफलवर, आपल्याच ड्युटीच्या काडतुसांनी घेतलेले असावेत. कारखान्यात आवाज मोजायला वापरतात ते साधं यंत्र इथे फसवं आकडे देतं. रायफलच्या आवाजाचं शिखर सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात येऊन जातं, आणि साधा मायक्रोफोन त्याला पकडेपर्यंत ते ओसरलेलं असतं. एकाच गोळीचा आकडाही पुरेसा नाही. पहिल्या गोळीच्या वेळी सप्रेसरच्या पोकळीत ताजी हवा भरलेली असते, तिच्यातल्या ऑक्सिजनमुळे उरलेली दारू आत पेट घेते, म्हणून पहिली गोळी बहुधा पुढच्यांपेक्षा मोठी वाजते आणि जास्त उजळते. पोलिसी वापरात अनेकदा तीच एक गोळी झाडली जाते. तिचा आकडा सरासरीत बुडवू नये, वेगळा लिहायला लावावा. आणि आकडे कितीही चांगले आले तरी कानाचं संरक्षण काढायचं नाही. या नळ्यांवर कानापाशी 140 च्या खाली राहण्याची खात्री नसते.

(दृश्य: बाजूने घेतलेलं चित्रण. प्रत्येक गोळीनिशी खिडकीतून आणि चार्जिंग हँडलच्या फटीतून धुराचा झोत.)

मागे फिरणारा वायू फक्त कानाला त्रास देत नाही. बॅरलमधल्या भोकातून वायू घेऊन थेट बोल्टपर्यंत नेणाऱ्या रायफलीत सप्रेसर लावला की दाब जास्त वेळ टिकून राहतो. बोल्ट लवकर उघडतो, जोरात मागे येतो. पुंगळी अजून चेंबरला (काडतूस बसतं त्या पोकळीला) चिकटून असतानाच एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे बोल्टवरचा हूक, तिला ओढतो, त्यामुळे तिची कड वाकते किंवा फाटते. बोल्ट इतक्या वेगाने परततो की मॅगझीनची स्प्रिंग पुढचं काडतूस वर ढकलायला मागे पडते, आणि बोल्ट रिकाम्या चेंबरवर बंद होतो किंवा काडतुसाच्या मधोमध अडकतो. नेमबाजाला कळतं ते एवढंच की बंदूक अडली. चाचणीत पुंगळ्या कुठे पडतात ते पाहावं. वरून पाहिलेल्या घड्याळात नळी 12 वर धरली, तर पुंगळी 4 च्या आसपास पडणं निरोगी. ती 1 किंवा 2 च्या दिशेला, म्हणजे पुढे उडायला लागली की बोल्ट फार वेगाने धावतोय.

वायूसोबत चेहऱ्यावर येतात काजळी, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, आणि प्रायमर व गोळीच्या बुडातून निघालेलं शिसं. बंदिस्त रेंजवर प्रशिक्षक दिवसभर याच हवेत उभे असतात. डोळे चुरचुरल्याने दुसरी गोळी उशिरा जाते, ही तात्कालिक अडचण झाली. शिसं मात्र रक्तात साठत जातं.

यावर उपाय आहेत, आणि प्रत्येकाला अट आहे. बफर (बोल्टच्या मागे दस्त्यात सरकणारं वजन) जड करता येतो: साधा सुमारे 85 ग्रॅमचा, एच 108, एच-2 साधारण 132, एच-3 साधारण 155. त्याने बोल्ट सावरतो, पण चेहऱ्यावरचा वायू फारसा कमी होत नाही. गॅसचं भोक लहान केलं किंवा वायूचं प्रमाण ठरवणारा नियंत्रक बसवला तर सप्रेसरसह रायफल मऊ चालते. मात्र सप्रेसर काढल्यावर, थंडीत, काजळी चढलेल्या अवस्थेत तीच रायफल अर्धवट चालून थांबू शकते. पथकाच्या रायफलीवर जवानाने स्क्रू फिरवत बसावं अशी व्यवस्था नको. दोनच निश्चित खाचा असलेला नियंत्रक चालेल, अनेक टप्प्यांचा नको.

तिसरा मार्ग म्हणजे वायू कोंडण्याऐवजी पुढे वाहून नेणारा सप्रेसर. त्याच्या आतल्या वाटा वायूला वळणं देत पुढच्या टोकाने बाहेर काढतात. अशा आतल्या रचना बऱ्याचदा धातूची भुकटी थरावर थर वितळवून छापतात, कारण त्या कातून काढणं जवळपास अशक्य असतं. नळीच्या तोंडाशी ते काही डेसिबलनी जास्त वाजतात, काहींची ज्वाळाही थोडी जास्त दिसते. तरीसुद्धा साडेबारा इंचांपेक्षा आखूड, थेट वायूवर चालणाऱ्या रायफलींसाठी आमचा कौल याच प्रकाराला आहे. रायफलीत काही न बदलता ती सप्रेसरसह आणि सप्रेसरशिवाय चालली पाहिजे, ही अट पाळणं त्यात सगळ्यात सोपं जातं.

(दृश्य: झिजलेला पहिला बॅफल, कडा खरवडल्यासारख्या.)

धातूचा प्रश्न नळीच्या लांबीशी जोडलेला आहे. न जळलेल्या दारूचे कण पहिल्या बॅफलवर वाळू मारल्यासारखे आदळतात. नळी जितकी आखूड, तितका मारा तीव्र. प्रत्येक उत्पादक काडतूसनिहाय किमान नळीची लांबी देतो. ती लेखी घ्यावी, आणि सोबत किती गोळ्या किती वेळात झाडलेल्या चालतील तेही घ्यावं. टायटॅनियम हलकं, पण 425 अंश सेल्सिअसच्या पलीकडे त्याची ताकद झपाट्याने उतरते आणि अंधारात पांढऱ्या ठिणग्या दिसतात. इन्कोनेल किंवा स्टेलाइट या उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूंचा पहिला बॅफल जड असला तरी तो मार सोसतो. रायफल खांद्यावर घेऊन उभं राहिल्यावर टोकाला वाढलेले 100 ग्रॅम हाताला लगेच जाणवतात. सप्रेसरची लांबी 13 ते 15 सेंटिमीटरच्या वर गेली की आखूड नळी घेतल्याचा फायदाच संपतो.

जोडणीकडे दुर्लक्ष झालं तर बाकी सगळं व्यर्थ. 5.56 साठी नळीवर सहसा अर्धा इंच व्यासाचे, इंचाला 28 असे आटे असतात. नुसत्या आट्यांवर फिरवून बसवलेला सप्रेसर तापताना-थंडावताना सैल होतो. शंकूच्या आकाराच्या खांद्यावर टेकणारी, वर कडी असलेली जोडणी बरी. तिथे काजळी आट्यांपर्यंत कमी पोचते आणि सप्रेसर दरवेळी त्याच जागी बसतो. नळीच्या तोंडावरचा जोडतुकडा चपट्या शिमनी (पातळ चकत्यांनी) जुळवावा. चेपणारा वॉशर एका बाजूला जास्त दबतो, तुकडा किंचित तिरका बसतो, आणि गोळी बॅफलला घासते. घट्ट करण्यासाठी उष्णतेत टिकणारं सिरॅमिक चिकट द्रव्यच वापरावं, साधं थ्रेडलॉकर तापून सुटतं. पथकातल्या सर्व रायफलींवर एकच जोडणी ठेवावी.

(दृश्य: मॅगझीन काढलेली, चेंबर तपासलेला रायफल. नळीतून सरळ रॉड सरकतो.)

बसवल्यावर रायफल रिकामी असल्याची खात्री करून त्या कॅलिबरचा अलाइनमेंट रॉड घालावा आणि सप्रेसरच्या पुढच्या भोकात तो सगळीकडून सारख्या अंतरावर दिसतो का ते पाहावं. रॉड एका कडेला टेकत असेल तर एकही गोळी झाडू नये. 7.62 चा सप्रेसर 5.56 वर चालतो. भोक मोठं असल्याने घासण्याचा धोका आणि मागचा वायू दोन्ही कमी होतात, आवाज थोडा वाढतो. उलट कधीही करू नये. मिश्र शस्त्रं असलेल्या पथकात 5.56 चा सप्रेसर चुकून मोठ्या कॅलिबरच्या रायफलीवर चढणारच नाही, असे आटे किंवा जोडणी निवडावी.

नेम सरकतो, ते स्वाभाविक आहे. सरकणं दरवेळी सारखं असलं पाहिजे. सप्रेसर काढून पुन्हा बसवत पाच-पाच गोळ्यांचे गट घ्यावेत. गटांचे मध्यबिंदू 100 मीटरवर 3 सेंटिमीटरच्या आत परत यावेत. झिरो (दुर्बिणीचा नेम गोळीशी जुळवणं) सप्रेसरसह करावा, आणि तो नसताना गोळी कुठे लागते हे प्रत्येक जवानाला माहीत असावं.

अंतिम चाचणीत दोन-तीनच नमुने ठेवावेत. प्रत्येक रायफलीवर ड्युटीची आणि सरावाची, दोन्ही काडतुसं. ठिसूळ गोळ्या वापरात असतील तर त्या बॅफलमध्ये फुटत नाहीत ना हे आधी उत्पादकाकडून लेखी घ्यावं. स्वच्छ रायफल, मग साफ न करता काहीशे गोळ्यांनंतरची रायफल, मग मॅगझीनमध्ये शेवटची एक गोळी ठेवून बोल्ट मागे अडकतो का. रात्री टॉर्चचा प्रकाश सप्रेसरने किती अडतो, काचेवर काजळी किती बसते. सलग दोन मॅगझीननंतर तो शेकडो अंशांपर्यंत तापतो. गाडीच्या सीटला, स्लिंगवर लटकताना मांडीला, ताब्यात घेतलेल्या माणसाला तो लागणार नाही असं वाहून नेण्याचं वळण सरावातच लावावं लागतं.

खरेदीनंतर प्रत्येक सप्रेसरच्या क्रमांकासमोर कोरं वजन आणि झाडलेल्या गोळ्या नोंदवाव्यात. वजन वाढत गेलं तर काजळी आणि शिसं साठतंय. उघडता न येणारे सप्रेसर उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीनेच साफ करावेत. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण शिसं विरघळवतं खरं, पण त्यातून तयार होणारं लेड अ‍ॅसिटेट विषारी असतं आणि त्वचेवाटेही शरीरात जाऊ शकतं. काम हातमोजे घालून, खाण्यापिण्याच्या जागेपासून लांब. पुढच्या भोकाच्या कडेवर चकाकती ओरखड दिसली, तर सप्रेसर त्याच दिवशी वापरातून काढून रॉड पुन्हा घालावा.