धुक्यातले सात तास

(पडद्यावर नुसतं पांढरं धुकं. लांबून तोफांचा आवाज.)

21 मार्च 1918. उत्तर फ्रान्समधलं सेंट क्वेंटिन शहर. पहाटे पाचला अजून वीस मिनिटं आहेत. जर्मनांच्या सहा हजारांहून जास्त तोफा एकदम धडधडू लागतात, आणि पाच तास थांबत नाहीत. स्फोटक गोळ्यांत विषारी वायूचे गोळेही मिसळलेले. त्यात धुकं असं, की दहा पावलांवरचा माणूस दिसू नये.

शहराच्या दक्षिणेला, ग्रुजी गावाजवळ, ब्रिटिशांचं एक ठाणं आहे. नाव रेसकोर्स रिडाउट. नावात रेसकोर्स असलं तरी आहेत ते खंदक आणि काटेरी तारा. तिथे रॉयल आयरिश रायफल्सच्या 15व्या बटालियनचा एक सेकंड लेफ्टनंट आहे, वय 34. साडेतीन वर्षांपूर्वीपर्यंत तो बँकेत कारकून होता.

(कॉम्बर गावाचा चौक.)

एडमंड डी विंड. जन्म 11 डिसेंबर 1883, आयर्लंडमधल्या बेलफास्टजवळच्या कॉम्बर गावी. वडील इंजिनिअर. शाळा बेलफास्टचं कॅम्पबेल कॉलेज. शिक्षण झाल्यावर एडमंड बँक ऑफ आयर्लंडमध्ये चिकटला. बँकेची नोकरी म्हणजे घरच्यांची काळजी मिटली, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. तिथेही फार निराळं नसावं.

पण 1910च्या सुमारास गडी सगळं सोडून कॅनडाला गेला. आणि तिकडे जाऊन काय केलं? पुन्हा बँकच! कॅनेडियन बँक ऑफ कॉमर्स. समुद्र ओलांडला, पण खतावणी काही सुटली नाही. शेवटी मुक्काम पडला अल्बर्टातल्या एडमंटनमध्ये.

पहिलं महायुद्ध पेटलं. नोव्हेंबर 1914मध्ये तो कॅनडाच्या सैन्याच्या 31व्या बटालियनमध्ये भरती झाला, साधा प्रायव्हेट म्हणून. 'तरुण शहीद' म्हटलं की आपल्यासमोर मिसरूड फुटलेला मुलगा येतो. हा तर एकतिशीला टेकलेला. चांगल्या शाळेतला, बँकेतला माणूस. अधिकारी होणं त्याला अवघड नव्हतं. तरी जवळजवळ तीन वर्षं तो साध्या सैनिकांतच राहिला. मला त्याच्या आयुष्यातलं हेच सगळ्यात बोलकं वाटतं. मशीनगन विभागात काम, मग फ्रान्समधल्या दोन मोठ्या लढाया: 1916ची सोमची आणि 1917च्या एप्रिलमधली व्हिमीच्या टेकडीची. सप्टेंबर 1917मध्ये तो अधिकारी झाला, आणि तोही आपल्या मुलखातल्या आयरिश पलटणीत.

(नकाशा. लांब लांब असलेली ठाणी.)

आता या ठाण्यांची गोष्ट नीट समजून घेऊ. 1918मध्ये ब्रिटिशांकडे माणसं कमी पडत होती. म्हणून सलग रांगेऐवजी पुढच्या पट्ट्यात अशी सुटी ठाणी केली. दोन ठाण्यांमधली मोकळी जागा मशीनगनच्या माऱ्याने बंद करायची, अशी योजना. कागदावर उत्तम. पण मशीनगनवाल्याला समोरचं दिसायला हवं ना! त्या सकाळी काहीच दिसत नव्हतं. जर्मन तुकड्या ठाण्यांच्या मधून सरळ आत शिरल्या. पुष्कळ ठिकाणी शत्रू आलाय हे कळलं ते पाठीमागून गोळ्या आल्यावर.

रेसकोर्स रिडाउटलाही असाच वेढा पडला. पुढचे सात तास डी विंडने ती जागा धरून ठेवली, जवळजवळ एकट्याने. दोनदा जखमी झाला. शत्रू खंदकात उतरला होता. तेव्हा फक्त दोन हवालदार दर्जाचे सैनिक बरोबर घेऊन तो खंदकाबाहेर, उघड्यावर चढला. वरून मशीनगन आणि रायफलींचा मारा चालू होता. वरच्या वर धावत जाऊन त्यांनी खंदक मोकळा केला. असं एकदा नाही, दोनदा. मदतीला दुसरी तुकडी पोचेपर्यंत जागा हातची गेली नव्हती. त्यानंतरही एकामागून एक हल्ले परतवताना त्याला जीवघेणी जखम झाली आणि तो कोसळला.

संध्याकाळी ठाणं पडलं. उरलेले जर्मनांच्या कैदेत गेले.

त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, जाहीर झाला तो मे 1919मध्ये, म्हणजे चौदा महिन्यांनी. पदक घ्यायला बकिंगहॅम राजवाड्यात गेली त्याची आई. राजे पाचवे जॉर्ज यांनी ते तिच्या हाती दिलं.

(पोझिएरची भिंत. कॅमेरा नावांवरून सरकतो.)

त्याची कबर नाही. फ्रान्समधल्या पोझिएरच्या स्मारकाच्या भिंतीवर, 14 हजारांहून जास्त बेपत्ता सैनिकांच्या नावांत त्याचंही नाव आहे. ज्या अल्बर्टात तो नोकरीला गेला, तिथल्या रॉकी पर्वतांतल्या एका शिखराला माउंट डी विंड म्हणतात.

आणि कॉम्बरमध्ये डी विंड ड्राइव्ह नावाचा एक रस्ता आहे. दोन्हीकडे घरं. पोस्टमन तिथे रोज टपाल टाकतो.