वास खाणारा ढीग

नमस्कार श्रोतेहो.

रंगाच्या कारखान्यापाशी किंवा छपाईच्या प्रेसमध्ये नाकात शिरणारा, डोकं जड करणारा वास आपल्या ओळखीचा आहे. त्यात टोल्युइन, झायलीन अशी द्रावकं असतात. ही हवा जाळून साफ करता येते. पण प्रदूषक चिमूटभर आणि हवा खंडीभर, त्यामुळे बरंचसं इंधन नुसती हवा तापवण्यातच खर्ची पडतं. अशा ठिकाणी जैवगाळणी, म्हणजे बायोफिल्टर, कामी येतो.

दिसायला हा प्रकार अगदीच साधा. कंपोस्ट, लाकडाच्या चिपा, कधी नारळाचा काथ्या, असा साधारण मीटरभर जाडीचा थर. खालून सच्छिद्र पाइपांतून दूषित हवा सोडतात आणि ती अर्ध्या-एक मिनिटात वर येते. प्रत्येक चिपेवर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. द्रावक त्यात विरघळतं आणि तिथले जिवाणू ते खाऊन टाकतात. उरतो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि वाढलेले जिवाणू. सांडपाण्याचा दुर्गंध असा घालवण्याचं पेटंट अमेरिकेत रिचर्ड पोमेरॉय यांना 1957 सालीच मिळालं होतं.

सगळी मेख आहे पाण्यात. थर सुकला की भेगा पडतात, हवा त्या वाटेने सटकते आणि जिवाणू उपाशी राहतात. म्हणून हवा आधी ओलसर करून घेतात. अल्कोहोल पाण्यात सहज विरघळतं, म्हणून ते लवकर फस्त होतं. हेक्झेन विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे ते बरंचसं निसटतं. क्लोरीनयुक्त द्रावकं तर बऱ्याच जिवाणूंना पचत नाहीत. ‘कुठलाही वास घालवू’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला आधी एवढंच विचारावं: वास नेमका कशाचा?

आता घरातल्या मनी प्लांटविषयी. नासाच्या 1989 च्या अहवालानंतर कुंडीतली झाडं हवा शुद्ध करतात, ही समजूत घट्ट झाली. ते प्रयोग बंद पेटीतले होते, आणि काम पानांइतकंच मुळांपाशी असलेल्या सूक्ष्मजीवांचंही होतं. आपल्या खोलीत दारं-खिडक्यांतून हवा सतत बदलत असते. तिच्या तोडीचं काम झाडांकडून करून घ्यायचं तर, 2019 च्या एका आढाव्यानुसार, चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. दहाच धरली तरी खाट कुठे टाकायची? झाड हौसेने जरूर ठेवा, पण भिंतींना नवा रंग दिला असेल तर खिडक्या उघड्या टाका.

कारखान्यातल्या ढिगाला मात्र नुसती हौस पुरत नाही. कंपोस्ट कुजून खाली बसतं, हवेला वाट राहत नाही आणि काही वर्षांनी अख्खा थर उपसून नवा भरावा लागतो.

नमस्कार.