पाहुणे आले की आम्ही नदी ओलांडतो

[पहाटेचा अंधार. गल्लीच्या टोकाकडून भोंप्याचा आवाज.]

हा पोदेर, म्हणजे आमचा गोव्यातला पाववाला, आला. सायकलच्या मागे टोपली, तिच्यात पाव, उंडे, भुसा लावलेली पोळी आणि बांगडीसारखी कडक काकणं. पुण्या-मुंबईहून आलेला पाहुणा पहिल्या दिवशी या भोंप्याने दचकून उठतो, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या आधी दारात जाऊन उभा राहतो. फक्त एक सांगून ठेवावं लागतं. पोदेराकडे पोळी मागितली की चपाती मिळत नाही, फुगलेला पोकळ पाव मिळतो.

पाहुण्यांची यादी घरून निघतानाच ठरलेली असते. कळंगुट, बागा, हणजूण, सगळे समुद्रकिनारे. आम्ही नाही म्हणत नाही, संध्याकाळी नेऊन सोडतो. सकाळ मात्र आमच्या मर्जीची.

[पणजीतलं जुनं उपाहारगृह. गर्दी. टेबलावर वाट्या आदळण्याचा आवाज.]

सुरुवात भाजीपावाने. मुंबईची तव्यावर ठेचलेली पावभाजी डोक्यातून काढून टाका. इथे पातळ भाजी म्हणजे नारळाच्या रसातले वाटाणे, सुकी म्हणजे बटाट्याची. ठरत नसेल तर ‘मिक्स’ म्हणायचं, एकाच वाटीत दोन्ही येतात. सोबत मिरचीची भजी, आणि शेवटी चहाबरोबर बन्स, पिकलेलं केळं मैद्यात मळून तळलेली गोडसर, जाड पुरी. टेबल रिकामं नसलं तर अनोळखी माणसासमोर खुशाल बसावं. तो वर्तमानपत्र थोडं आपल्याकडे सरकवेल, एवढीच ओळख. भाजीपाव कॅफे टाटोचा चांगला की कॅफे भोंसलेचा, हा वाद पणजीकरांनी अजून मिटवलेला नाही. मीही मिटवणार नाही.

तिथून चालत चर्चसमोरच्या पालिका उद्यानात. पाहुणे चर्चच्या पांढऱ्या पायऱ्यांचे फोटो काढतात तेव्हा त्यांची पाठ या बागेकडे असते. बागेला नाव आहे गार्सिया द ओर्ता यांचं. हे पोर्तुगीज वैद्य. इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्यांचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. बागेतल्या उंच खांबावर एकेकाळी वास्को द गामा होता. आज तिथे अशोकाचे सिंह आहेत. खांब तोच.

[गाडीतून दिसणारा रायबंदरचा रस्ता. एका बाजूला मांडवी नदी, दुसऱ्या बाजूला खारफुटी.]

आता जुन्या गोव्याकडे. हा सरळसोट रस्ता सतराव्या शतकातला, तीन किलोमीटरांहून लांब, पाण्यातून बांधून काढलेला. बॉम जेझुस आणि से कॅथेड्रल ही मोठी चर्चं पाहुणे पाहतातच, त्यांच्याबद्दल आम्ही वेगळं काय सांगणार? आम्ही त्यांना पुढे, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याने नेतो. वाटेत व्हाइसरॉयची कमान लागते. तिच्याखालून गेलं की समोर धक्का. एकेकाळी लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय याच कमानीतून शहरात शिरायचा. आपण उलट दिशेने निघालोय.

[फेरीबोट. साखळीचा खडखडाट. दुचाक्या, मासळीची पाटी, शाळेची मुलं.]

चालत चढणाऱ्याला तिकीट नाही. पाच-दहा मिनिटांत दिवाडी बेट. माझ्या मते गोव्यातली सगळ्यात चांगली सहल हीच, आणि ती फुकट आहे म्हणून कुणी तिची जाहिरात करत नाही.

बेटावर उतरलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाजन शेती. बांध घालून खाडीपासून मिळवलेली ही जमीन. बांधात एक लाकडी दार असतं, त्याला मानस म्हणतात. भरतीचं पाणी आलं की त्याच्याच दाबाने फळ्या मिटतात, ओहोटीला आपोआप उघडतात आणि शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर जातं. तरीही थोडा खारटपणा मुरतोच. म्हणून इथे परंपरेने कोरगुट भात लावतात, त्याला खारं पाणी सोसतं. मानशीत कोळंबी मिळते. पाहुण्यांना एवढं सगळं सांगितल्यावर ते कोळंबीचंच तेवढं विचारतात.

पिएदादच्या टेकडीवर, चर्चच्या अंगणात जरा टेकावं. खाली मांडवी, पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे. ऑगस्टमध्ये बोंदेराम या बेटावरच्या उत्सवाचे झेंडे निघतात तेव्हा मात्र इथे बसायला जागा मिळत नाही.

[बेटाचं दुसरं टोक. दुसरा धक्का.]

आता दुसरी फेरीबोट, नार्व्याला. गोव्याच्या जुन्या कदंब राजांचं दैवत सप्तकोटीश्वर. त्याचं देऊळ मुळात दिवाडीवर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडलं, आणि लिंग नदीपलीकडे नार्व्याला गेलं, तेव्हाच्या पोर्तुगीज हद्दीबाहेर. शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दारावरच्या शिलालेखात शके 1590 आहे, म्हणजे 1668. महाराष्ट्रातून आलेला पाहुणा इथे हमखास गप्प होतो. गोव्यात महाराजांचा शिलालेख असेल, हे त्याच्या गावीही नसतं.

सप्तकोटीश्वर एकटा नव्हता. मंगेश कुठ्ठाळीहून मंगेशीला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. फोंड्याच्या देवळांत जाऊन जुनं मूळ गाव विचारा, ते बहुतेक नदीच्या पलीकडचं निघेल. ती माणसं, ते देव, रात्री-अपरात्री होडीत बसून अशाच पाण्यातून गेले असणार. मंगेशीच्या दीपमाळेपुढे फोटो काढणाऱ्याला मी हे सांगतो, आणि मग म्हार्दोळला जाईचा गजरा घ्यायला विसरू नका असंही सांगतो.

जेवण घरी परतल्यावर. शीत म्हणजे भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं, सुक्या मासळीचं किसमूर, सोलकढी. सोमवार असला तर खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांची आमटी, त्यात तिरफळ हवंच. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, तेव्हा ताज्या इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, हट्ट धरू नये. त्या दिवसांत आम्ही सुकी मासळी खातो, आणि पावसाने नीट साथ दिली तर वारुळावरची ओळमी, म्हणजे रानातली अळंबी. ती विकत घ्यायला गेलं की भाव ऐकून आमचेही डोळे पांढरे होतात.

[नार्व्याचा धक्का. ऊन कललेलं.]

पाहुण्याला आता बाग्याला जायचंय. घड्याळ बघून तो विचारतो, बोट कधी आहे?

बोट पलीकडे लागलीय. दोन गाड्या चढतायत, एक म्हातारी छत्री मिटून सावकाश येतेय, आणि तिच्यासाठी साखळी अजून खालीच आहे.