न्यू जर्सीत गांजाचं दुकान टाकायचं म्हणताय? आधी हे ऐका

(दृश्य: कोलंबिया नदीवरचा पूल, वरून आय-५ हायवे, ट्रकची रांग)

ही कोलंबिया नदी. अलीकडे ऑरेगन राज्यातलं पोर्टलंड, पलीकडे वॉशिंग्टन राज्यातलं व्हँकुव्हर, म्हणजे कॅनडातलं नाही, हे वेगळं गाव. दोन्ही राज्यांत एकवीस वर्षं पूर्ण झालेला माणूस दुकानात जाऊन आयडी दाखवून गांजा विकत घेऊ शकतो, दोन्हीकडे पाट्या लावलेली, कॅमेरे असलेली, टॅक्स भरणारी दुकानं आहेत. पण पोर्टलंडमध्ये रीतसर बिल करून घेतलेली पुडी खिशात ठेवून हा पूल ओलांडला की केंद्राच्या कायद्याने तो गुन्हा होतो. गिऱ्हाईकाचं सोडा, शेतकऱ्यालाही तेच. ऑरेगनमध्ये माल इतका पिकतो की भाव पडतात, नदीपलीकडे बाजार दिसतोय पण तिकडे एक किलो पण पाठवता येत नाही, कारण प्रत्येक राज्याचा गांजा त्याच राज्यात पिकायचा, तिथेच तपासायचा आणि तिथेच विकायचा.

हे असं का, तर मूळ कायदा १९७० चा. कंट्रोल्ड सबस्टन्सेस ॲक्ट, निक्सन राष्ट्राध्यक्ष असताना झालेला, त्यात गांजा शेड्युल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक बंदीच्या यादीत टाकला, हेरॉइनच्या रांगेत. मग १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी औषध म्हणून वापराला मान्यता दिली, २०१२ च्या नोव्हेंबरात कोलोरॅडो आणि वॉशिंग्टनने सरळ एकवीस वर्षांवरच्या कोणालाही मोकळीक दिली, आणि २०२३ मध्ये ओहायो धरून अशी राज्यं चोवीस झाली. केंद्राने यांच्यापैकी कोणालाच लेखी हो म्हटलेलं नाही. २०१३ मध्ये न्याय खात्याने एक पत्रक काढलं होतं की राज्यं नीट नियम पाळत असतील तर आम्ही त्यात पडणार नाही, लोकांनी त्या पत्रकाच्या भरवशावर घरं गहाण टाकून धंदे उभे केले, आणि २०१८ च्या जानेवारीत ते पत्रक मागे घेतलं. नंतर धाडसत्र वगैरे झालं नाही हे खरं, पण पत्रक म्हणजे कायदा नाही एवढं त्यातून कळतं.

आता हा व्हिडिओ मराठीत का करतोय ते सांगतो. न्यू जर्सीत आपली माणसं किती आहेत हे सांगायला नको, एडिसन, इझलिन, जर्सी सिटी, प्लेन्सबरो. आणि तिथे पार्टीत, व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली एक विषय निघतोच, की अमुक जण डिस्पेन्सरीचं, म्हणजे गांजाच्या दुकानाचं, लायसन्स काढतोय, पाच-सहा जणांनी मिळून पैसे टाकायचे, मोटेल किंवा गॅस स्टेशनपेक्षा परतावा चांगला. मला यात लोकांची मेहनतीची बचत जाताना दिसते, आणि कधी कधी बचतीपेक्षा मोठं काहीतरी, म्हणून हे नीट समजून घेऊ.

(दृश्य: न्यू जर्सीतलं एक टाऊन हॉल, आत सभा चालू)

न्यू जर्सीत २०२० च्या नोव्हेंबरात मतदान झालं, दोन तृतीयांश लोकांनी हो म्हटलं, २२ फेब्रुवारी २०२१ ला कायद्यावर सही झाली आणि २१ एप्रिल २०२२ ला मोठ्यांसाठी विक्री सुरू झाली, तीसुद्धा आधीपासून औषधी गांजा विकणाऱ्या दुकानांतून. राज्याचं कॅनबिस रेग्युलेटरी कमिशन लायसन्स देतं आणि लायसन्सचे सहा वर्ग आहेत: पिकवणारा, माल बनवणारा, होलसेलवाला, वाहतूक करणारा, पाचवा वर्ग किरकोळ दुकानाचा आणि सहावा घरपोच देणाऱ्याचा. आपल्याकडे चर्चा असते ती पाचव्याची.

आता गंमत नाही, गांभीर्याने ऐका. लोक समजतात की राज्याच्या कमिशनने हो म्हटलं की झालं. नाही. खरी किल्ली गावाकडे आहे. कायद्यात गावांना २१ ऑगस्ट २०२१ पर्यंत मुदत होती की हा धंदा आमच्या हद्दीत नको असं ठरवा, आणि राज्यातल्या साडेपाचशेहून जास्त गावांपैकी सुमारे चारशे गावांनी नको म्हटलं. पुढे काहींनी मत बदललं, पण जिथे नको तिथे तुमच्याकडे कितीही पैसा असो, दुकान होणार नाही. आणि जिथे हो आहे तिथेही गावाच्या कौन्सिलचा पाठिंब्याचा ठराव लागतो आणि झोनिंगची मंजुरी लागते. आपल्याकडे जमीन एनए झाल्याशिवाय तिच्यावर काही उभं करता येत नाही, तसंच काहीसं. काही गावांनी ठरवलंय की आमच्याकडे फक्त दोनच दुकानं किंवा फक्त हायवेच्या बाजूला, काही गावांची फी हजारो डॉलरची. जर्सी सिटीत तर शहराचं स्वतःचं कॅनबिस कंट्रोल बोर्ड आहे, प्लॅनिंग बोर्ड वेगळं, सिटी कौन्सिल वेगळी, आणि या सगळ्या सभांना शेजारपाजारचे लोक येऊन बोलतात, विरोध करतात, वाहतूक किती वाढेल विचारतात, पार्किंगचं काय विचारतात.

त्यात जागा. कंडिशनल लायसन्स नावाचा एक रस्ता आहे, लहान माणसासाठी, त्यात अर्ज करताना जागा नसली तरी चालते, पण मूळ नियमाप्रमाणे लायसन्स हातात पडलं की १२० दिवसांत जागा, गावाचा ठराव, झोनिंग सगळं जमवून पक्क्या लायसन्सचा अर्ज करायचा, वाढवून मागितलं तर आणखी ४५ दिवस. आता तुम्हीच सांगा, १२० दिवसांत गावाच्या किती सभा होतात, आणि एका सभेत तुमचा विषय पुढे ढकलला तर? जागेचा मालकही सहज तयार होत नाही, कारण त्याच्या इमारतीवर बँकेचं कर्ज असतं आणि कर्जाच्या कागदात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की केंद्राच्या कायद्याविरुद्ध काही इथे चालवायचं नाही. मग जो तयार होतो तो भाडं चढं लावतो, आणि दुकान उघडायच्या आधीपासून लावतो. उत्पन्न शून्य, भाडं चालू. माझ्या मते बुडणारे जास्त करून इथेच बुडतात, गिऱ्हाईक नाही म्हणून नाही.

मायक्रोबिझनेस असाही प्रकार आहे, जास्तीत जास्त दहा माणसं कामाला आणि अडीच हजार चौरस फुटांची जागा, पण त्यात मालक न्यू जर्सीत किमान दोन वर्षं राहणारे हवेत आणि निम्म्याहून जास्त लोक त्या गावातले किंवा लागून असलेल्या गावातले हवेत. म्हणजे टेक्सासमधल्या भावाला भागीदार करून घेतलं, कॅलिफोर्नियातल्या मित्राला घेतलं असं चालत नाही.

(दृश्य: मॅनहॅटन, रस्त्यावर मोजपट्टी धरलेली माणसं)

नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये काय झालं ते पण बघा. तिथे कायदा २०२१ च्या मार्चमध्ये झाला आणि पहिली लायसन्सं कोणाला, तर ज्यांना पूर्वी गांजाच्या केसमध्ये शिक्षा झालेली त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना, जुन्या कायद्याचा सगळ्यात जास्त मार ज्यांनी खाल्ला त्यांना आधी संधी. मला हा विचार मनापासून पटतो. पण पहिलं दुकान उघडलं २९ डिसेंबर २०२२ ला, तोवर शहरात गल्लोगल्ली विनालायसन्स दुकानं उभी राहिली होती, कोर्टात केसेस झाल्या, २०२३ मध्ये कोर्टाने नवीन लायसन्सचं काम काही महिने थांबवून ठेवलं, आणि लायसन्सवाले बिचारे कर्ज काढून बसलेले.

आणि मग २०२५ चा जुलै. तिथे नियम आहे की शाळेपासून पाचशे फुटांच्या आत दुकान नको. राज्याचं ऑफिस इतके दिवस हे अंतर शाळेच्या दारापासून मोजत होतं, त्यानुसार मंजुऱ्या दिल्या, लोकांनी फर्निचर केलं, माल भरला, धंदा सुरू केला, आणि मग ऑफिसनेच कळवलं की कायद्याप्रमाणे शाळेच्या आवाराच्या हद्दीपासून मोजायला हवं होतं. दीडशेच्या आसपास दुकानं आणि अर्ज यात सापडले. गव्हर्नर कॅथी होकल यांनी कायदाच दुरुस्त करू असं सांगितलं आणि दुकानांना लगेच टाळं लागलं नाही, पण ज्याने आयुष्यभराची कमाई त्या जागेत घातली त्याच्या डोक्यावर केवढी टांगती तलवार, ती पण सरकारी मोजणी चुकली म्हणून. म्हणून जागा बघायला जाल तेव्हा स्वतःचा सर्व्हेअर घेऊन जा, कायद्यातलं वाक्य वाचा, ऑफिसातल्या माणसाच्या तोंडी शब्दावर भाडेकरार करू नका.

समजा सगळं जमलं, दुकान उघडलं. आता पैसा ठेवणार कुठे? बँका केंद्राच्या नियमांखाली येतात. २०१४ मध्ये केंद्राच्या अर्थखात्याने सांगितलं की बँकांना असं खातं ठेवता येईल, पण प्रत्येक खात्याबद्दल संशयास्पद व्यवहाराचा रिपोर्ट भरत राहायचा. मोठ्या बँका या भानगडीत पडत नाहीत, छोट्या बँका आणि क्रेडिट युनियन पडतात आणि त्याची महिन्याची फी भरपूर घेतात. क्रेडिट कार्ड चालत नाही, त्यामुळे दुकानात कॅश, आणि कॅश म्हटली की चोरीची भीती, गार्ड, तिजोरी.

टॅक्सचा भाग सगळ्यात कमी बोलला जातो आणि सगळ्यात जास्त मारतो. केंद्राच्या टॅक्स कायद्यातलं कलम २८०ई, १९८२ चं. झालं असं की मिनिआपोलिसमधल्या एका ड्रग विकणाऱ्याने टॅक्स कोर्टात जाऊन आपल्या धंद्याचा खर्च वजा करून घेतला, त्यावर चिडून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, हे कलम आणलं: शेड्युल एक किंवा दोनमधला माल विकणाऱ्याला धंद्याचा खर्च वजा करता येणार नाही, मालाची खरेदी किंमत तेवढी वजा होईल. एक हिशोब करून दाखवतो, आकडे समजण्यापुरते. वर्षाची विक्री दहा लाख डॉलर, माल सहा लाखांचा, उरले चार लाख. त्यातून भाडं, पगार, गार्ड, लाइट बिल साडेतीन लाख, हातात पन्नास हजार. दुसरा कोणताही दुकानदार, कंपनी असेल तर, या पन्नास हजारांवर २१ टक्क्यांनी साडेदहा हजार भरेल. तुम्ही भरणार चार लाखांवर, म्हणजे चौऱ्याऐंशी हजार. नफा पन्नास, टॅक्स चौऱ्याऐंशी. आणि धंदा बुडला तर केंद्राच्या दिवाळखोरी कोर्टात जाता येत नाही, ते दार या धंद्याला बंद आहे.

गांजा शेड्युल तीनमध्ये, म्हणजे कमी कडक यादीत, न्यायचा प्रस्ताव २०२४ च्या मे महिन्यात न्याय खात्याने आणला, डिसेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनीही ते काम लवकर उरका असा आदेश काढला. पैसे मागणारे लोक हाच मुद्दा पुढे करतात. शेड्युल तीन झालं तर २८०ई ची कटकट सुटते हे खरंय, पण त्याने राज्याच्या लायसन्सवर चालणारं दुकान केंद्रासाठी आपोआप कायदेशीर होत नाही.

आणि ज्यांची गॅस स्टेशनं आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट, डेल्टा-८ च्या (टीएचसी या गांजातल्या नशेच्या घटकाचाच एक प्रकार) गमी वगैरे जे हेम्प, म्हणजे कमी नशेचा गांजा, म्हणून काउंटरवर ठेवता ना, ती २०१८ च्या फार्म बिलातली, म्हणजे शेतीच्या कायद्यातली, मोकळीक होती, नोव्हेंबर २०२५ च्या कायद्याने ती आवळली, वर्षभराच्या मुदतीनंतर एका डब्यात सगळं मिळून टीएचसी ०.४ मिलिग्रॅमच्या वर चालणार नाही. जुना स्टॉक भरून ठेवू नका.

(दृश्य: नेवार्क विमानतळ, आगमन कक्ष)

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते. तुम्ही एच-१बी किंवा एल-१ या नोकरीच्या व्हिसावर आहात, ग्रीन कार्डच्या रांगेत आहात किंवा ग्रीन कार्ड मिळालंय पण सिटिझन नाही. तुमच्यासाठी राज्याचं लायसन्स काही कामाचं नाही. इमिग्रेशन हा पूर्ण केंद्राचा विषय आणि केंद्राच्या कायद्यात हा अमली पदार्थाचा व्यापार. शिक्षा व्हायला लागत नाही, केस व्हायला लागत नाही, अधिकाऱ्याला तसं मानायला सबळ कारण दिसलं तरी प्रवेश नाकारता येतो. त्याच कलमात बायको-नवरा आणि मुलांचाही उल्लेख आहे, मागच्या पाच वर्षांत त्या पैशाचा फायदा घेतला आणि पैसा कुठून येतोय ते माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, तर त्यांनाही अडवता येतं. म्हणजे एच-४ वरची, तुमच्या व्हिसावर अवलंबून असलेली बायको, इथे शाळेत जाणारी पण भारतात जन्मलेली मुलगी.

हे पुस्तकातलं नाही. २०१९ मध्ये कोलोरॅडोत ग्रीन कार्डवरच्या दोघांना, एक मूळचा एल साल्वाडोरचा, एक लिथुआनियाची, नागरिकत्व नाकारलं गेलं कारण त्यांनी लायसन्स असलेल्या कॅनबिसच्या धंद्यात नोकरी केली होती. डेन्व्हरचे तेव्हाचे महापौर मायकल हॅनकॉक यांनी त्यावर थेट ॲटर्नी जनरलना पत्र लिहिलं. त्याच एप्रिलमध्ये इमिग्रेशन खात्याने लेखी स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाशी संबंधित काम नागरिकत्वाच्या अर्जात आडवं येऊ शकतं. ते दोघं तर फक्त नोकरीला होते, तुम्ही भागीदार होणार आहात.

आणि हो, माझं नाव कागदावर येणार नाही, चुलत भावाच्या नावाने टाकतो, असं म्हणणारे भेटतात. कमिशन प्रत्येक मालकाचे बोटांचे ठसे घेतं, पैसा कुठून आला त्याचा माग मागतं, लपवलेला भागीदार सापडला तर लायसन्स जातं आणि सगळ्यांचे पैसे जातात. वरून तुमच्या एन-४०० फॉर्मवर, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जावर, सरळ प्रश्न असतो की कधी नियंत्रित पदार्थ पिकवले, वाटले, विकले का. तिथे खोटं लिहिलं तर ते आणखी एक प्रकरण.

सिटिझन असाल, पैसा बुडाला तरी घर चालेल एवढी ऐपत असेल, गाव अनुकूल असेल, तर करा, नियम पाळून चालवणारी चांगली दुकानं आहेत. व्हिसावर असाल तर लांब राहा, गुंतवणूकदार म्हणून पण, सल्लागार म्हणून पण.

ज्यांनी आधीच पैसे टाकलेत त्यांनी घाबरून हिस्सा विकून मोकळं होऊ नका, विकल्याने मागचं पुसलं जात नाही. आधी इमिग्रेशनचा वकील गाठा, धंद्याचा नाही, इमिग्रेशनचा, आणि भारतात यायचं तिकीट काढायच्या आधी गाठा. ऑपरेटिंग ॲग्रीमेंट (म्हणजे कंपनीतल्या भागीदारांचा करार), टॅक्सचा के-१ कागद (तुमच्या वाट्याचा नफा-तोटा दाखवणारा), पैसे पाठवल्याची बँकेची नोंद आणि भागीदारांशी झालेले सगळे मेसेज सोबत घेऊन जा, काहीही डिलीट न करता.