दोन विमानतळांमधलं अंतर तासांत किती?

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को किती अंतर? सुमारे 12,400 किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो एवढा भरेल. हा दोरा बराच उत्तरेकडून, ध्रुवाच्या बाजूने जातो. भिंतीवरच्या नकाशात ते दिसत नाही, कारण गोल पसरून सपाट केला की उत्तरेकडचा भाग वाटेल तसा ताणला जातो.

आता गंमत बघा. एअर इंडियाचं विमान आधी तिकडे अटलांटिकवरून जायचं, सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पॅसिफिकवरून जाऊ लागलं, सुमारे 15,300 किलोमीटर. चौदाशे किलोमीटरचा वळसा, आणि तरी वेळ वाचला! ते अंतर साधारण साडेचौदा तासांत कापलं गेलं.

ही किमया वाऱ्याची. विमानं ज्या उंचीवर उडतात, साधारण त्याच उंचीवर जेट स्ट्रीम नावाचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हिवाळ्यात तर फारच जोरात. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत ठरतो, आणि ती हवाच पुढे सरकत असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग वाढतो. फेब्रुवारी 2020 मध्ये एक बोइंग 747 न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या आसपास गेला होता. मग त्याने आवाजाचा वेग ओलांडला का? अजिबात नाही. भोवतालच्या हवेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं.

तुम्ही म्हणाल, जाताना जे मिळालं ते येताना गेलं, हिशेब बरोबर. इथेच बहुतेक जण फसतात. 9,000 किलोमीटरचा मार्ग आणि ताशी 900 चा वेग धरा. वारा नसेल तर जाऊन-येऊन 20 तास. ताशी 100 चा वारा असेल तर जाताना 9 तास आणि येताना सव्वाअकरा. बेरीज सव्वावीस. कारण साधं आहे: वारा मदत करतो तो कमी वेळ, आडवा येतो तो जास्त वेळ. म्हणून येतानाचा वैमानिक सरळ रेषेचा हट्ट धरत नाही. वारा टाळायला तो वाट वाकडी करतो.

कधी आकाशच बंद होतं. 2022 मध्ये रशियाचं हवाई क्षेत्र युरोपीय कंपन्यांना बंद झालं, आणि हेलसिंकी–टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. काही उड्डाणं तर थेट उत्तर ध्रुवावरून वळवावी लागली.

आता तिकिटावरची वेळ. ती निव्वळ उड्डाणाची नसते. गेटवरून निघाल्यापासून पलीकडच्या गेटवर थांबेपर्यंतची असते, त्यात धावपट्टीपर्यंतची रांगही आली. शिवाय सुटायची आणि पोचायची वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात. तेव्हा वजाबाकी करण्याआधी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणा.